फ्रेंच क्रियापदांनी उतरवलेला विंचू

आमच्या पंचक्रोशीत फ्रेंच भाषेनं विंचू उतरवणारा मी पहिला आणि शेवटचा माणूस. यात माझा काही मोठेपणा नाही. मला फ्रेंच येत नव्हतं आणि विंचू उतरवता तर त्याहून येत नव्हता.

गोष्ट निझामाच्या राज्यातली. आमचं गाव जालन्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. गावातून हैदराबादच्या कॉलेजात गेलेला मी एकटाच, त्यामुळे गावाला वाटायचं की मी हुशार आहे. (कॉलेजला तसं वाटत नव्हतं.) दुसरी भाषा म्हणून बाकीची शहाणी मुलं फारसी नाहीतर संस्कृत घ्यायची. मला एका दोस्तानं सांगितलं, "फ्रेंच ले यार! क्लासमें चारच पोट्टे हैं. चारमें किसकू फेल करते?" मला ते पटलं. मी फ्रेंच घेतलं. वर्षाच्या शेवटी चारांत एकालाच नापास केलं, आणि तो एक कोण हे सांगायला नकोच.

फेरपरीक्षा पोळ्यानंतर होती. तोवर मी गावी आलो. माझे वडील, म्हणजे आबा, शेती करणारे. कमी बोलायचे, पण बोलले की विषय संपायचा. त्यांनी ओसरीवर बसवून माझी उलटतपासणी घेतली.

"कशात फेल झाला म्हने?"

"फ्रेंचमध्ये."

"अवघड हाय का?"

"आबा, त्यात टेबल बाई असते."

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कोन म्हनलं?"

"तेच लोक म्हणतात. बैल तो, गाय ती, इथवर आपल्यासारखंच. पण नांगर ती. चंद्रसुद्धा ती."

आतून माय बाहेर आली. "चांदोबा बाई हाय? मंग तिकडली लेकरं मामा कोनाला म्हनतेत? अन् आपलं 'ते' कुठं गेलं? ते लेकरू, ते वासरू?"

"त्यांच्यात 'ते' नाहीच. एकतर तो, नाहीतर ती."

"अरारारा!" माय म्हणाली. तिला त्या देशातल्या लेकरांची खरोखर दया आली होती.

"अन् लिहायचं एक, म्हणायचं एक," मी घाईनं पुढची अडचण मांडली. "पाण्याला तीन अक्षरं लिहायची आणि म्हणायचं नुसतं 'ओ'. सहा सहा अक्षरं लिहून तोंडातून दोनच काढायची."

"बाकीची कशाला लिव्हली मंग?" आबांनी विचारलं.

हा प्रश्न मी आमच्या पाँडिचेरीकडच्या म्हाताऱ्या सरांना वर्षभर विचारायचा टाळला होता. आबांनी तो पहिल्या पाच मिनिटांत विचारला. मला वाटलं, कॉलेजात मी जाण्याऐवजी आबाच गेले असते तर घराण्याचं बरं झालं असतं.

शेवटी आबांनी निकाल दिला. "हे बघ माधवा, या टायमाला पास झाला तं बिलकुल शिक. न्हाई झाला तं ट्रंक माळ्यावर अन् तू नांगरामागं. ती असू दे न्हाईतर तो."

मी हादरलो. नांगरामागं जायची लाज नव्हती, भीती होती. गेल्या वर्षी आबांनी हौसेनं नांगर माझ्या हातात दिला, तेव्हा मी एकाच तासात आमच्या शेतातून निघून शेजाऱ्याच्या शेतात पोचलो होतो. बैल थांबवायला तीन माणसं लागली. त्या बैलांनी नंतर कितीतरी दिवस मला पाहिलं की मान फिरवली. थोडक्यात, फ्रेंचमध्ये पास होण्यावर माझं आयुष्य अवलंबून होतं.

मी पाठांतर सुरू केलं. क्रियापदाची सहा रूपं: मी आहे, तू आहेस, तो आहे, असं करत ते आहेतपर्यंत. "झ स्वी, त्यू ए, इल ए, नू सोम, व्हू झेत, इल सों!" एक पाठ झालं की आधीचं जायचं. भविष्यकाळ आला की वर्तमानकाळ गुल. भूतकाळाची पाळी येईपर्यंत मी कोणत्या काळात आहे हेच मला समजेना.

अशात सूर्यग्रहण आलं.

ग्रहणाच्या दिवशी आमच्या घरात काही चालायचं नाही. चूल बंद, पाणी बंद, विळीला हात नाही. मायनं माझ्या हातातलं पुस्तकही काढून घेतलं. "गिरानात पुस्तक धरत असतेत का? जा, ओढ्यावर जा. सुटंपर्यंत पान्यात उभा राह्य अन् देवाचं नाव घे."

मी ओढ्याच्या डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो. देवाचं नाव घ्यायचंच होतं, पण देवापेक्षा परीक्षा जवळ आली होती. पुस्तकाला बंदी होती, तोंडाला नव्हती. मी डोळे मिटले, अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला (सहा रूपं मोजायला सोपं पडतं) आणि सुरू केलं. "झ सरे, त्यू सरा, इल सरा, नू सरों, व्हू सरे, इल सरों!" गार पाण्यात आवाज मोठा लागतो. अंगात हुडहुडी भरल्यामुळे त्याला एक कंपही आला होता.

काठावर बिरूभाऊ धनगर मेंढरं आवरत उभा होता. आता त्याच्या जागी कुणीही असतं तरी त्यानं तेच ताडलं असतं. ग्रहणात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, डोळे मिटून, पेरं मोजत माणूस कशाला पुटपुटतो? मंत्र जागवायला! आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त कॉलेजात गेलेला मी विसरलो होतो.

दोन दिवसांनी बिरूभाऊ लंगडी घालत आमच्या अंगणात आला.

"माधवा! इच्चू! घोंगडी झटकून राह्यलो व्हतो, अन् डसला ना बाबा! जल्दी उतरव!"

"मी?"

"तुझा मंत्र जागलाय न्हवं? म्या ऐकला ना. काय जहाल मंत्र! मेंढरं चरायची थांबली व्हती."

मी म्हणालो, "बिरूभाऊ, अहो तो मंत्र नाही. ते—"

बिरूभाऊनं दोन्ही कानांवर हात ठेवले. पाय तसाच अधांतरी. "सांगू नको! मंत्र फोडून सांगितला की जातो!"

"पण मंत्रच नाहीये तो! ते व्याक—"

"माधवा!" माय आतून धावत आली, तिनंही कान झाकले होते. "तोंडानं फोडू नको रं! अन् न्हाई म्हनू नको! मंत्रवाल्यानं न्हाई म्हनलं की लई पाप लागतं!"

त्या क्षणी मी ज्या सापळ्यात अडकलो, त्यातून पुढचा महिनाभर सुटलो नाही. मंत्रवाल्याला नाही म्हणता येत नाही, हा एक नियम. मंत्र काय आहे हे सांगता येत नाही, हा दुसरा. या दोन नियमांच्या मध्ये खरं बोलायला इतकुशीसुद्धा फट नव्हती! मी 'व्याकरण' म्हणायला तोंड उघडलं की समोरचा कान झाकायचा. हात मोकळे नसले तर पळायचा.

बिरूभाऊ कळवळत होता. मी म्हटलं, म्हणून टाकू. गुण आला नाही की सुटलो. रीत मी लहानपणापासून पाहिलेली होती. चावलेल्या माणसाला विचारायचं, "कुठवर चढलंय?" मग तिथून खाली बोटांपर्यंत हात ओढत मंत्र म्हणायचा.

"कुठवर चढलंय?"

"गुडघ्यावर!"

मी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "झ स्वी, त्यू ए, इल ए..."

चौथ्या फेरीला बिरूभाऊ म्हणाला, "पोटरीवर आलं!" दहाव्या फेरीला घोट्यावर आलं. आणखी थोड्या वेळानं तो दोन्ही पायांवर उभा राहिला आणि माझ्या पाया पडला. तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा होता.

मी तोंड उघडं टाकून बसलो. विंचू साधा असणार आणि ठणका आपला आपण ओसरला असणार, एवढं मला समजत होतं. पण हे सांगायचं कुणाला? ऐकायला कान तर हवेत!

त्या दिवसापासून आमचं अंगण म्हणजे दवाखाना झालं. पावसाळ्याचे दिवस, विंचवांना बिळात पाणी, गवऱ्यांखाली विंचू, सरपणात विंचू. मी पुस्तक उघडलं की हाक यायचीच. "माधवा हाय का? इच्चू!" मोबदला घ्यायचा नाही, हाही नियम. एकीनं दिलेली काकडी मायनं हात जोडून परत केली. शिवाय मंत्रवाल्यानं दोडका खायचा नसतो असं कुणीतरी सांगितलं आणि घरातला दोडका बंद झाला. दोडका मला मनापासून आवडायचा. फ्रेंचनं माझ्याकडून काय काय हिरावून घेतलं याची यादी करायची तर दोडका पहिल्या तिनांत येईल.

हळूहळू लोक जाणकार झाले. कोणता काळ कशाला लागू पडतो यावर ओट्यावर चर्चा व्हायच्या. "ते 'झ स्वी'वालं हलकं हाय. मोठ्या इच्चूला 'झ सरे'च पायजे!" माझं चुकलं की चावलेला माणूस विव्हळता विव्हळता मला सुधारायचा.

एकदा मी घाईत म्हणालो, "नू सरा..."

"न्हाई न्हाई!" बघायला आलेले तिघं एकदम ओरडले. "सरों! त्या दिवशी 'नू सरों' म्हनला व्हता! बराबर म्हन, मानसाचा जीव चालला हितं!"

आमचे सर कॉलेजात असे कधी ओरडले नव्हते. मला वर्षभरात जे जमलं नाही ते गावातले लोक ऐकून ऐकून पाठ म्हणत होते. (मनातल्या मनात, कारण मोठ्यानं म्हटलं तर पाप. फक्त ओठ हलायचे.) एकूण गावात फ्रेंच सगळ्यात कमी मलाच येत होतं.

माझा गाजावाजा पिंपळगाव रेणुकाईपर्यंत गेला. तिथले हरीबुवा हे नावाजलेले मंत्रवाले. म्हातारे, कडक, भुवया पांढऱ्या. ते एक दिवस स्वतः चालत आले आणि ओसरीवर बसून त्यांनी मला समोर उभं केलं.

"गुरू कोन?"

खोटं बोलण्याचं धाडस झालं नाही. "एक म्हातारे आहेत. पाँडिचेरीकडचे."

"दूरचं ठान दिसतंय." त्यांनी मान डोलावली. "नर-मादीचा मंत्र येगळा का एकच?"

इथं मी अगदी गोंधळलो. त्यांना काय विचारायचं होतं कोण जाणे, पण मला एवढंच आठवलं की पुस्तकात विंचू पुल्लिंगी आहे. मी म्हणालो, "बुवा, आमच्यात सगळे विंचू नरच असतात."

हरीबुवांनी पांढऱ्या भुवया उंचावल्या. मग आबांना म्हणाले, "पोरगं खोलात गेलंय. म्या पन्नास वर्सं करून राह्यलो, मला हे म्हाईत न्हवतं."

त्या संध्याकाळी आबा मायला म्हणाले, "मला वाटलं व्हतं कॉलेजात फुकट दिवस घालवतंय. तिथं हे बी शिकवतेत!" आबांच्या आवाजात माझ्याविषयी अभिमान मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मला इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली की दोन्ही एकदम आवरेना. मी ठरवलं, आबांना तरी खरं सांगायचंच.

सांगण्याची वेळ आली ती नको तशी. परीक्षेला निघायचा दिवस. जालन्याहून दुपारची गाडी धरायची होती. बिरूभाऊ आमची बैलगाडी घेऊन येणार होता. पोळा नुकताच झालेला, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा. बैलांना टाकायला आबांनी कडब्याची पेंढी उचलली आणि जागच्या जागी खाली बसले.

"आबा!"

"इच्चू," आबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आबा कधी विव्हळत नसत. त्या दिवशी त्यांनी दात आवळून पायाचा अंगठा गच्च धरला होता. दुसऱ्या कुणाच्या पायावर फ्रेंच म्हणणं वेगळं. हा माझ्या बापाचा पाय होता.

"आबा, ऐका. मला मंत्र येत नाही. ते सगळं पुस्तकातलं—"

आबांनी एवढ्या ठणक्यातही दोन्ही कान झाकले. "फोडू नको! म्हन!"

"आबा, जालन्याला दवाखान्यात जाऊ!"

"जाऊ. गाडीत म्हन. पन तुझी रेल्वे चुकवायची न्हाई. माझं काय व्हायचं ते व्हू दे."

बिरूभाऊनं गाडी हाणली. आबांचा पाय माझ्या मांडीवर, शेजारी ट्रंक, आणि मी म्हणायला लागलो. वर्तमानकाळ झाला, भूतकाळ झाला, भविष्यकाळ झाला. मी थांबलो की आबा डोळे उघडायचे. मग मी नियमित क्रियापदं घेतली, अनियमित घेतली, जाणे घेतलं, येणे घेतलं. तेही संपल्यावर पुस्तकाच्या मागची शब्दांची यादी लिंगासकट घेतली. टेबल ती, नांगर ती, चंद्र ती! बिरूभाऊ पुढं बसून बैलांना हाकताना प्रत्येक सहाव्या रूपाला "हां!" म्हणत होता. मी रडत होतो आणि म्हणत होतो, आणि रडताना फ्रेंच उच्चार फार चांगले येतात हे मला तेव्हाच कळलं.

जालन्याची वेस दिसली तेव्हा आबांनी पाय मांडीवरून काढला, जरा हलवला आणि म्हणाले, "उतरलं."

"तरी दवाखान्यात—"

"काहून? उतरलं म्हनलं ना! टेसनावर घे रे बिरू."

गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ते बैलगाडीकडं वळले. मी मात्र परभणी येईपर्यंत डोळे पुसत होतो, आणि समोरचा प्रवासी मला केळं देऊ करत होता.

परीक्षा तोंडी होती. बाहेरून आलेले एक गोरे साहेब खुर्चीत बसलेले, शेजारी आमचे सर. साहेबांनी काहीतरी विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही. सर दबक्या आवाजात म्हणाले, "'होना' के रूप सुनाओ मियाँ. फ्यूचर."

मी तोंड उघडलं. काहीच येईना! पोटात सगळं होतं, पण वर यायला वाटच मिळेना.  साहेबांनी घड्याळ बघितलं. मला नांगर दिसला, ते बैल दिसले, माळ्यावरची ट्रंक दिसली. आणि मग काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी खाली फरशीवर बसलो, साहेबांचा उजवा पाय बुटासकट धरला आणि कळवळून विचारलं,

"कुठवर चढलंय?"

साहेब दचकले. पाय सोडवायला बघायला लागले. पण महिनाभरात अशी पाय सोडवणारी पुष्कळ माणसं मी धरून ठेवली होती. मी गुडघ्यापासून बुटापर्यंत हात ओढला आणि माझं तोंड सुटलं ते सुटलंच! "झ सरे, त्यू सरा, इल सरा!" सर मागं उभे राहून पांढरेफटक पडले होते. साहेबांनी आधी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग हळूहळू त्यांनी पाय ओढणं सोडून दिलं. त्यांनी मान तिरकी केली. मी अनियमित क्रियापदांपर्यंत आलो तेव्हा ते बोटांनी खुर्चीवर ताल धरत होते.

सगळं संपल्यावर साहेब सरांशी बरंच काही बोलले.

"क्या बोले साहब?" मी फरशीवरूनच विचारलं.

सर रुमालानं मान पुसत म्हणाले, "बोलते हैं, एक भी गलती नहीं. इतना साफ तो उनके मुल्क के बच्चे भी नहीं सुनाते. पास हो गए तुम. अब साहब का पाँव छोडो!"

मी गावी आलो ते उडतच. वेशीवर आबा, माय, बिरूभाऊ आणि अर्धं गाव. मी लांबूनच ओरडलो, "पास!" आबांनी गूळ वाटायला घेतला. माझ्या हातावर खडा ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "कसं काय झालं मंग? साहेबानं काय इचारलं?"

"विचारलं एकच. पण मी थांबलोच नाही, आबा! सगळं म्हणून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत!"

आबांचा गुळाचा हात थांबला. "सगळं?"

"एकूणएक!"

"मोठ्यानं?"

"हो! साहेबांनी एक एक रूप तपासून घेतलं. चूक नाही म्हणाले."

 बिरूभाऊनं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. माय तोंडाला पदर लावून खाली बसली. कुणीतरी हळूच म्हणालं, "समदा मंत्र साहेबाला देऊन आला."

"आता इच्चू तिकडं उतरतीन," दुसरा म्हणाला.

आबांनी हातातला खडा परत ताटलीत टाकला. मग गुळाची ताटली मायच्या हातात दिली आणि कपाळावर हात मारला.

"पास झाला," ते गावाला म्हणाले, "अन् कामातून गेला!"

पुढं मी बी.ए. झालो, सरकारी नोकरीत लागलो, दोनदा बढती मिळाली. पण आबांनी हे मत बदलावं असं एकही कारण मला त्यांच्या हयातीत दाखवता आलं नाही.